कुंडीखाली सापडलेला हा प्राणी न्यूट आहे का? ओळखायचा कसा?

कढीपत्ता (लातूर)
नमस्कार मंडळी. रात्री दणकून पाऊस झाला, सकाळी जरा उघडीप मिळाली म्हणून अंगणातल्या कुंड्या सरकवूलालते, खाली पाणी साचून राहतं अन डास होतात. तर कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीखालून एक प्राणी निघाला. लांबीला बोटभर, अंग तेल चोपडल्यासारखं चकचकीत, पाठीवर पिवळसर रेघा आणि शेपूट लालभडक. पाय इतके बारके की आधी सापाचं पिल्लूच वाटलं. लेकीनं फोटो काढला आणि फोटोवरून नाव सांगणारं ॲप असतं ना त्यात टाकला, तर पहिलंच नाव आलं न्यूट, त्याच्या खाली सॅलमँडर. तिच्या पुस्तकात उभयचर प्राण्यांत बेडकासोबत सॅलमँडर आहे त्यामुळं ती तर उड्याच मारायलीय की आपल्या घरी न्यूट निघाला. शेजारच्या काकू म्हणूलालेत ही सापाची मावशी, सापापेक्षा जहरी, चावली तर माणूस पाणी मागत नाही, आधी झाडूनं हाणा. मी हाणू दिलं नाही. सध्या वर टोपलं पालथं घातलंय, सावलीत.

मला विचारायचंय ते असं की न्यूट आपल्या मराठवाड्यात असतो का, तो तर पाण्यातला ना मग कुंडीखाली काय करतो, आणि अंगणात लेकरं खेळतात तर याच्यापासून काही धोका आहे का. फोटो टाकलाय, जरा हललाय, सांभाळून घ्या.

माळरान (बीड)
ताई, हाणू दिलं नाही हे लई चांगलं केलं. हा न्यूट नाही, सापसुरळीचं पिल्लू आहे. विष अजिबात नाही. दात इतके बारके की धरलंच चुकून तर नुसता चिमटा बसतो, रक्तही येत नाही बहुतेक वेळा. लेकरांची काळजी करू नका.

आता हे ओळखलं कसं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या लेकीलाच सांगता येईल. आधी कातडी बघायची. फोटो मोठा करून पाठीवर बघा, खवले दिसतील, गुळगुळीत आणि एकमेकांवर नीट बसवलेले. तुम्हाला जी चकाकी दिसली ती त्या खवल्यांची, अंग ओलं असल्याची नाही. न्यूट बेडकाच्या बाजूचा प्राणी, उभयचर, त्याच्या अंगावर एक खवला नसतो, नुसती उघडी कातडी. मग बोटं बघायची. सापसुरळीच्या बोटांना बारीक नखं असतात, न्यूटची बोटं मऊ, बिननखाची. पुढच्या पायाची बोटं मोजता आली तर विषयच संपला, न्यूटला पुढं चार आणि मागं पाच, सापसुरळीला दोन्हीकडं पाच पाच. अजून एक, डोळ्याच्या मागं कानाचं भोक शोधा. सापसुरळीला असतं, न्यूटला बाहेरून कान दिसतच नाही.

आणि चाल. टोपलं उचललं की ही सुळकन जाईल, बघता बघता पाल्यात गडप. जमिनीवरचा न्यूट एकेक पाय टाकत सावकाश चालतो, त्याला पकडायला पळावं लागत नाही.

लाल शेपूट आणि पाठीवरच्या रेघा बघून मला ठिपक्यांची सापसुरळी वाटते, शास्त्रीय नाव रिओपा पंक्टाटा, जुन्या पुस्तकांत लायगोसोमा पंक्टाटा मिळेल. हिच्या पिल्लांचीच शेपूट अशी लाल असते. मोठी होत जाते तसा रंग उतरतो आणि अंग तपकिरी होतं, खवल्या-खवल्यावर काळा ठिपका, ओळीनं. नीट फोटो मिळाला तर नक्की सांगतो.

परभणीची आजी
बाळा एक विचारते. आमच्या लहानपणी सापसुरळी दिसली की सगळी वाडी काठ्या घेऊन यायची. आमची माय म्हणायची ही चावून लगेच मुताला जाऊन पाणी पिते, तिनं आधी पाणी प्यायलं की माणूस मेला आणि माणसानं आधी प्यायलं की ती मेली. आता तू म्हणतोस विष नाही. मग इतकी पिढ्यानपिढ्या लोक म्हणत आले ते कामून?

माळरान (बीड)
आजी, हे मी गावोगाव ऐकलंय, शब्दसुद्धा तेच. भारतात एकही पाल, सरडा किंवा सापसुरळी विषारी नाही. लोकांना भीती कामून बसली असावी ते मी एवढ्या वर्षांत जे बघितलं त्यावरून सांगतो. एक तर ही चालते तेव्हा अंग सापासारखं वळतं आणि बारके पाय गवतात दिसत नाहीत. दुसरं म्हणजे दगडाखाली, गंजीखाली, सरपणात जिथं ही असते तिथंच मण्यार, घोणस, फुरसंही असतं. रात्री अंधारात काहीतरी चावलं, माणूस गेला, सकाळी त्या जागी दगड उचलला तर सापसुरळी दिसली, मग आळ कुणावर येणार. मण्यारीच्या दाताची खूण कधी कधी दिसत पण नाही, दुखत पण नाही फारसं, त्यामुळं साप होता हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

यात खरा धोका काय तर कुणाला खरंच सापानं चावलेलं असतं आणि घरचे म्हणतात सापसुरळी होती, पाणी पाजलंय, आता काही नाही होत. त्यात वेळ जातो. म्हणून कोणी काहीही चावलं असं सांगितलं आणि प्राणी बघितलेला नसेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, सापाच्या विषावरची लस तिथं मिळते.

परभणीची आजी
हे पटलं. माझ्या सुनेला वाचून दाखवते.

अंबाजोगाईकर (सध्या इंग्लंडात)
धागा बघून राहवलं नाही. मी इथं ज्या घरात राहतो त्याच्या मागच्या बागेत खरेखुरे न्यूट निघतात, त्यामुळं लातूरच्या ताईंचा जो दुसरा प्रश्न होता, पाण्यातला प्राणी जमिनीवर काय करतो, त्याचं उत्तर देतो. इथं येईपर्यंत मलाही वाटायचं न्यूट म्हणजे तळ्यातलाच. पण तो वर्षातला निम्म्याहून जास्त काळ जमिनीवरच असतो. वसंतात, फेब्रुवारी-मार्चपासून, अंडी घालायला तळ्यात उतरतो, मादी एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानात गुंडाळून ठेवते, अक्षरशः पान मागच्या पायांनी दुमडते. उन्हाळा सरत आला की मोठे बाहेर निघतात, आणि मग ओंडक्याखाली, दगडाखाली, कंपोस्टच्या ढिगात, शेडच्या पायाशी राहतात. रात्री निघून गोगलगायी, गांडुळं, किडे खातात. हिवाळा तिथंच निपचित पडून काढतात. पिल्लं एकदा बाहेर पडली की मोठी होईपर्यंत दोन-तीन वर्षं तळ्याकडं फिरकतही नाहीत.

आता ओळखायची अडचण इथल्या लोकांनाही येते. कारण जमिनीवर आला की न्यूटचं रूपच पालटतं. पाण्यात असताना नराच्या पाठीवर उंच तुरा असतो, शेपूट चपटी रुंद, रंग उठावदार. जमिनीवर तुरा जिरून जातो, कातडी सुकी मखमली दिसते, पाणी पडलं तर त्यावरून निथळून जातं. माणूस म्हणतो ही तर पाल. इथं एक छोटी पाल पण असते, तिच्याशी लोक नेहमी गल्लत करतात. मी तर माळरानभाऊंनी सांगितलं तसंच करतो, आधी खवले आणि मग नखं. शिवाय पाल दिवसा उन्हात दगडावर पसरलेली दिसते, न्यूट उन्हात कधी बसणार नाही, ओल सोडून जात नाही.

इंग्लंडातले मूळचे न्यूट तीनच जातीचे. सगळ्यात जास्त दिसतो तो स्मूथ न्यूट, दहा सेंटीमीटरच्या आसपास, तपकिरी, पोट पिवळट नारिंगी आणि त्यावर काळे ठिपके, गळ्यावर पण ठिपके. दुसरा पामेट न्यूट, किंचित लहान, बाकी तसाच, पण गळा फिकट गुलाबी आणि कोरा, एक ठिपका नाही. या दोघांच्या माद्या जमिनीवर एकसारख्या दिसतात तेव्हा गळाच बघावा लागतो. तिसरा ग्रेट क्रेस्टेड, हा मोठा, पंधरा सेंटीमीटरच्या पुढं जातो, काळपट, कातडी खरखरीत पुरळ आल्यावाणी, आणि उलटा केला तर पोट भडक नारिंगी त्यावर काळे मोठे डाग. प्रत्येकाचे डाग वेगळे असतात, अभ्यासक पोटाचे फोटो काढून एकेक न्यूट ओळखतात. पण तुम्ही आम्ही उलटा करून बघायचा नाही, कारण १९८१ च्या इथल्या वन्यजीव कायद्यानं ग्रेट क्रेस्टेडला संरक्षण आहे, परवान्याशिवाय पकडणं, हाताळणं, त्याची जागा उद्ध्वस्त करणं सगळा गुन्हा. घर बांधायचं असेल आणि जवळच्या तळ्यात हा निघाला तर आधी सर्व्हे, मग परवानगी, कधी कधी काम एक हंगाम पुढं जातं. मला या गोष्टीचं खरंच कौतुक वाटतं. बोटभर प्राण्यासाठी बिल्डर थांबतो.

कढीपत्ता (लातूर)
बापरे केवढी माहिती. माळरान दादा तुम्ही म्हणालात तसं खवले शोधायला बसलोय आम्ही दोघी, फोटो हललाय म्हणून नीट कळंना, दुपारी परत काढतो. पण लेकीचा एक प्रश्न आहे, मग ॲपनं न्यूट कामून सांगितलं? तिचा ॲपवर लई विश्वास आहे.

नांदेडचे गुरुजी
बाळ, प्रश्न चांगला विचारलास. ॲप तुझा फोटो आधी जमा असलेल्या फोटोंशी ताडून बघतं, आकार आणि रंग किती जुळतो तेवढंच. लांबट अंग, बारके चार पाय, लालसर शेपूट, आणि फोटो हललेला म्हणून खवले दिसलेच नाहीत, मग यंत्राच्या दृष्टीनं ते सॅलमँडरच्या जवळ गेलं. यंत्राला बोट लावून बघता येत नाही, तुला निदान जवळ वाकून बघता येतं. म्हणून ॲपनं नाव दिलं की दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. हा प्राणी आपल्या भागात असतो का? आणि शरीराच्या ज्या खुणा त्या नावाला असायला पाहिजेत त्या समोर दिसतात का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. महाराष्ट्रात न्यूट किंवा सॅलमँडर नाही. अख्ख्या दक्षिण भारतात नाही. उभयचरांचे तीन गट, बिनशेपटीचे म्हणजे बेडूक आणि भेक, शेपटीचे म्हणजे न्यूट आणि सॅलमँडर, आणि बिनपायाचे म्हणजे देवगांडूळ. यातला शेपटीवाला गट भारतात फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडं आहे. दार्जिलिंग आणि सिक्कीममधला जो, त्याला हिमालयन न्यूट म्हणतात. आधी त्याला टायलोटोट्रायटॉन व्हेरुकोसस या जुन्या नावाखालीच धरायचे, २०१५ मध्ये तो वेगळा ठरवून टायलोटोट्रायटॉन हिमालयॅनस असं नाव दिलं. दार्जिलिंग जिल्ह्यात सुखियापोखरीजवळ जोरपोखरीला याच्यासाठी अभयारण्य आहे. मी शाळेच्या मित्रांसोबत तिकडं गेलो होतो तेव्हा तळ्याच्या कडेला बघितला, गडद तपकिरी, डोकं चपटं, आणि बरगड्यांच्या ओळीत दोन्ही बाजूंनी गाठी उठलेल्या. धुकं होतं, हवा गार, जमीन शेवाळानं ओली, आणि तो गवतातून अगदी सावकाश पाण्याकडं चाललेला. पावसाळ्यात तळ्यावर येतो, बाकी वर्षभर पालापाचोळ्यात आणि दगडांच्या फटीत.

आता आपल्याकडं का नाही ते बघ. न्यूटची कातडी पातळ, तिच्यातून पाणी आत-बाहेर होतं, श्वासाचा बराच भाग त्या कातडीतूनच. ती सुकली की जीव धोक्यात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, महिनोन्महिने जमिनीत ओल नाही. आपले बेडूक कसे निभावतात तर जमिनीत खोल गाडून घेतात आणि मृगाच्या पावसाला बाहेर येतात. सापसुरळीला ती अडचणच नाही, खवल्यांमुळं अंगातलं पाणी टिकतं, अंडी कवचाची, ती पाण्यात घालावी लागत नाहीत. म्हणून ती लातूरच्या कुंडीखाली आहे आणि न्यूट जोरपोखरीला.

शेततळं (हिंगोली)
गुरुजी मस्त सांगितलं. पण माझ्याकडं वेगळंच आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या शेततळ्याच्या कडेनं चिखलात बारके बारके प्राणी दिसले, चार पाय आणि मागं शेपूट. खवले नाहीत, अंग ओलं, नखं नाहीत. तुम्ही न्यूटच्या ज्या खुणा सांगायलेत त्या सगळ्या बसतात की. मग ते काय होतं? खोटं नाही बोलत, ढीगभर होते.

नांदेडचे गुरुजी
शेततळं, तुम्ही बघितलेली बेडकाची पिल्लं. बेडूकमाशाचा बेडूक होताना आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट सगळ्यात शेवटी जिरते. शेपूट जिरायच्या आधीच ती पाण्याबाहेर यायला लागतात, तेव्हा दोन-चार दिवस चार पाय आणि शेपूट असं ध्यान दिसतं. एकाच वेळी अंडी घातलेली असतात म्हणून बाहेरही एकदमच निघतात, ढीगभर दिसले ते त्यामुळं.

यांच्यात आणि न्यूटच्या पिल्लात फरक ओळखायचा तर मागचे पाय बघा. बेडकाच्या पिल्लाचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब आणि घडी घातलेले, डोकं अंगाच्या मानानं मोठं, तोंड रुंद, मान नाहीच. न्यूटचे चारही पाय जवळपास सारखे, अंग लांबट, मान जाणवते. पाण्यात असताना तर अजून सोपं. न्यूटच्या पिल्लाला डोक्यामागं दोन्ही बाजूंनी पिसांचे झुपके असावेत तसे कल्ले बाहेर दिसतात, आणि त्याला पुढचे पाय आधी फुटतात. बेडकाचं उलटं.

शेततळं (हिंगोली)
व्हय, मागचे पाय लांबच होते. आता यंदा नीट बघतो. तळ्यात कागद टाकलाय प्लॅस्टिकचा, कडेनं चढताना घसरायलेत ते, त्याचं काय करता येईल ते पण सांगा कुणीतरी.

चिंच (धाराशिव)
मी पण विचारून घेते. कुंडीतली माती बदलताना गांडुळासारखं काहीतरी निघालं पण काळं आणि चकचकीत आणि गांडुळापेक्षा खूप जोरात वळवळत होतं. गुरुजींनी देवगांडूळ म्हणाले ते हेच का? नवऱ्यानं सापाचं पिल्लू म्हणून फेकून दिलं रस्त्यावर.

माळरान (बीड)
चिंच ताई, तो वाळा. साप आहे पण जगातल्या सगळ्यात लहान सापांतला, विष नाही, डोळे खवल्याखाली झाकलेले दोन काळे ठिपके. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खातो. कुंडीतल्या मातीतून रोपांसोबत जगभर गेलाय तो. आणि यात नर नाहीतच, सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात. कानात शिरतो असं म्हणतात ते खरं नाही, त्याला माती पाहिजे.

देवगांडूळ वेगळं. त्याच्या अंगावर गोल वळ्या असतात, अंग बुळबुळीत, आणि ते सह्याद्रीच्या पावसाच्या पट्ट्यात. आपल्या कुंडीत निघाला तर वाळाच समजा. पुढच्या वेळी रस्त्यावर नका टाकू देऊ, झाडाच्या आळ्यात सोडा, खाली जातो लगेच.

आणि विषय निघालाच आहे तर एक जण राहिला तो सांगतो. महाराष्ट्रातल्या खडकाळ माळावर रात्री एक जाडसर पाल निघते, लेपर्ड गेको. तिच्या पिल्लाच्या अंगावर काळे-पिवळे रुंद पट्टे असतात आणि चाल सावकाश, पापण्या मिटते, शेपूट जाड. युरोपातल्या काळ्या-पिवळ्या सॅलमँडरचे फोटो बघितलेला माणूस पटकन फसतो. पण अंगावर बारीक दाणे आणि बोटांना नखं, ती पालच. विषारी समजून ही मारली जाते आणि दुसरीकडून पाळायला म्हणून चोरून पकडून विकली जाते. दिसली तर जागा कुणाला सांगू नका, फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. हे मी कळकळीनं सांगतोय.

निळी टाकी (छत्रपती संभाजीनगर)
मला मासे पाळायचा छंद आहे, घरी टाक्या आहेत. बाहेरच्या देशातून आणलेले न्यूट विकायला असतात असं कळलं. ते आणून वाढवून पुढं एखाद्या तळ्यात सोडले तर? मराठवाड्यात पण न्यूट होतील की.

अंबाजोगाईकर (सध्या इंग्लंडात)
नका करू असं, मनापासून विनंती. बहुतेक न्यूटना गार पाणी लागतं, आपल्या उन्हाळ्यात टाकीत एसी नाही तर ते तडफडून मरतात. आणि तळ्यात सोडायचं तर त्याहून वाईट. न्यूटसोबत रोग येतात. नेदरलँड्समध्ये सॅलमँडरच्या कातडीला खाणारी एक बुरशी आली, २०१३ मध्ये तिची ओळख पटली, तिथले काळे-पिवळे फायर सॅलमँडर जवळपास संपले. ती बुरशी आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली असं अभ्यासक मानतात. आपल्या बेडकांना आणि दार्जिलिंगच्या न्यूटला असलं काही लागलं तर परत भरून निघणार नाही.

नांदेडचे गुरुजी
आणि काही न्यूटच्या कातडीत जबरदस्त विष असतं हे पण ध्यानात घ्या. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरखरीत कातडीच्या न्यूटमध्ये टेट्रोडोटॉक्सिन असतं, फुगणाऱ्या पफर माशात असतं तेच. हात लावून मरत नाही कुणी, पण खाल्लं तर मरतो. न्यूट कोणताही असो, हाताळला तर हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत. सापसुरळीच्या कातडीत असलं विष नसतं.

निळी टाकी (छत्रपती संभाजीनगर)
समजलं. विषय डोक्यातून काढला. बरं झालं आधी विचारलं.

कढीपत्ता (लातूर)
नवीन फोटो टाकलेत, बघा. लेकीनं पारदर्शक डब्याखाली ठेवून बाजूनं काढले, हात न लावता. पुढच्या पायाला बोटं पाच आहेत, मोजली. नखं दिसायलीत. डोळ्यामागं भोक आहे. पाठीवर खवले एकदम स्पष्ट आणि प्रत्येकावर बारीक काळा ठिपका, तेच ओळीनं येऊन रेघ दिसते. जीभ बाहेर काढली तेव्हा चपटी दिसली, सापासारखी दुभंगलेली लांब नव्हती. लेक जरा हिरमुसली होती न्यूट नाही म्हणून, पण आता वहीत चित्र काढून बाजूला खुणा लिहायलीय, खवले, नखं, कान.

काकूंना पण बोलावून दाखवलं. त्या लांबूनच बघत होत्या पण शेवटी म्हणाल्या, एवढूशी आहे, जाऊ दे.

माळरान (बीड)
ताई, एकदम पक्कं, ठिपक्यांची सापसुरळीच. फोटो फार छान आलेत, बाजूनं काढले म्हणून कान आणि बोटं दिसली. सगळ्यांनी असेच काढा, वरून एक, बाजूनं एक आणि पायाचा एक जवळून, सोबत मोजपट्टी किंवा नाणं ठेवा म्हणजे लांबी कळते. शेपूट कधीही धरू नका. धोका वाटला की ती शेपूट तोडून टाकते, ती वळवळत राहते आणि मांजर किंवा पक्षी तिकडं झडप घालतो, तोवर ही निसटते. नवीन शेपूट येते पण जुन्या शेपटीत साठवलेली चरबी गेलेली असते, तेवढं तिचं नुकसान होतं.

आता सोडा तिला, जिथं सापडली तिथंच. लांब नेऊन सोडू नका, तिला तिथली भोकं आणि लपायच्या जागा माहिती असतात. वाळवी, झुरळं, रातकिडे, कोळी, अळ्या खाते, तुमच्या कुंड्यांचं भलंच करते. कीटकनाशक मारत असाल तर निदान त्या बाजूला नका मारू. कोपऱ्यात थोडा पालापाचोळा आणि दोन-चार विटा पडू द्या. फक्त हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायची सवय ठेवा, कारण तिच्या जागेत साप पण येऊ शकतो.

कढीपत्ता (लातूर)
सोडली. कुंडी सरकवली त्याच्या शेजारी विटांचा ढीग होता, त्यात गेली. अजून एक, आमच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे, त्यात मधेच पाली, बेडूक मरून पडलेले दिसतात. ही पण पडेल का?

माळरान (बीड)
पडेल, सापसुरळीला गुळगुळीत सिमेंट चढता येत नाही, पालीसारखे चिकट तळवे नाहीत तिला. पोहते थोडा वेळ, मग दमते. हौदात फळी लावा, शेततळंभाऊंचा प्रश्न पण त्यातच आला.

अंबाजोगाईकर (सध्या इंग्लंडात)
इथं रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायला जाळीचे खड्डे असतात, न्यूट आणि भेक त्यात पडून अडकतात. त्यासाठी आत शिड्या बसवतात, जाळीदार कापड लावलेल्या पट्ट्या, त्या धरून प्राणी वर येतात. खरखरीत पाहिजे एवढंच, बाकी काहीही चालतं.

शेततळं (हिंगोली)
मग मी गोणपाट लावतो. तळ्याच्या चारही कोपऱ्यांत गोणपाटाची लांब पट्टी, वरचं टोक मातीत दगडाखाली दाबायचं, खालचं पाण्यात बुडालेलं. ताई तुमच्या हौदाला फळीवर गोणपाट ठोकून तिरपी सोडा, वरचं टोक हौदाच्या काठाच्या बाहेर निघालं पाहिजे नाहीतर वर येऊन अडकतात. पाणी खाली जाईल तशी फळी खाली सरकेल एवढी लांब घ्या.

कढीपत्ता (लातूर)
गोणपाट आहे घरात, फळी पण निघंल माळ्यावरून. आजच ठोकून घेते. सगळ्यांचे आभार, लेकीनं पण सांगितलंय सांगायला.